किल्ली हस्नियाकडे असते

चढ संपतो तिथं मशीद, पोस्टमन म्हणाला होता.
चढ संपतच नाही. सारायेव्होच्या या आळीत
घरं एकमेकांच्या खांद्यावरून नदीकडे पाहतात
आणि मशीदही त्यांच्यातलीच एक:
कौलं, चुन्याची भिंत, मागे एकाच अंगानं वाढलेला अक्रोड.
फक्त छपरातून वर आलेला लाकडी मिनार,
सुतारानं कानावर ठेवून विसरलेल्या पेन्सिलीसारखा.

दाराला कुलूप.
समोरच्या खिडकीतून कुणी म्हणालं, थांब.
हस्निया आली, पिठाचे हात पदराला नव्हे, एप्रनला पुसत.
एका सुतळीत दोन किल्ल्या. पहिली लागेना.
"ही कोंबड्यांची."

बूट पायरीवरच काढ, म्हणाली. फळी नाही.

आत लोकरीचा वास, ओल्या भिंतीचा.
घड्याळ सात मिनिटं मागे.
मुद्दाम.
फिक्रेतचे गुडघे गेलेत, त्याला चढाला वेळ लागतो.
खुंटीवर तेहतीस मण्यांची माळ,
त्यातला एक मणी म्हणजे तपकिरी बटण.

किती जुनी, मी विचारलं.
"काय किती जुनं?
गालिचे माझ्या लग्नानंतरचे. कौलं परवाची.
मिनार तीनदा बदलला.
जुनं म्हणशील तर कपाळ टेकतं तेवढी जागा."

मग आपणहूनच:
"फळी आम्ही जाळली. वेढ्याचा दुसरा हिवाळा.
तिच्यावर घेवडा शिजला, सात घरांनी खाल्ला.
मग बाकं. मग अक्रोडाच्या फांद्या.
मग सगळ्यांचे डोळे वर गेले.

रेशाद करवत घेऊन मिनारात चढला.
बराच वेळ वरच.
उतरला तेव्हा करवतीला भुसा नव्हता.
म्हणाला, वर फार थंडी आहे.
एवढंच.
त्या रात्री त्यानं आमच्या कपाटाची दारं काढली."

बाहेर माझ्या बुटाची नाडी कोंबडीनं ओढत नेलेली.
खाली शहरात बांग सुरू झाली,
एकीच्या मागे एक, मोठ्या मशिदींची.
इथली अजून नाही.
काठीचा टकटक आवाज चढावर, कुठंतरी अर्ध्यात.

कॉफी घे, म्हणाली.
तिच्या खोलीत कपाट अजून बिनदाराचं:
चादरींच्या घड्या, औषधं, लोणच्याची बरणी,
आणि एक पुरुषी कोट, तपकिरी,
एक बटण कमी.

मी पाहत राहिलो.
साखर किती, तिनं विचारलं.