फेब्रुवारीचे तीनशे

साखळीच्या बाजारात, बेकरीच्या माडीवर,
कठडा एकाच बाजूला असलेला जिना चढून
मी माझं वर्ष टेबलावर ठेवतो.
मयूरी फळदेसाई दोन पाकिटं उघडते:
एकात कचेरीचा फॉर्म सोळा, एप्रिल ते ऑक्टोबर,
दुसऱ्यात बँकेचा, पेन्शनचा, तिथून पुढचा.
मधे चोर्ल्याचा घाट.

"अर्धं वर्ष तिकडचं, अर्धं इकडचं," मी म्हणतो,
"कुठलं कुठे भरायचं?"
ती हसते. "हा कर दिल्लीचा, काका.
त्याला घाट दिसत नाही."

मला दिसतो.
पाटबंधारे विभाग, सांगली. लेखा शाखा, खिडकीकडचं टेबल.
एकशे बारा माणसांची पगारबिलं,
प्रत्येकाच्या नावापुढे व्यवसाय कर: दोनशे.
फेब्रुवारीत तीनशे.
नवा पोरगा दरवर्षी एखादा यायचाच विचारायला,
साहेब, सगळ्यात आखूड महिन्याला जास्त का?
मी सांगायचो, बारा दुणे चोवीसशे,
सरकारला हवेत अडीच हजार,
उरलेले शंभर कुणाच्या तरी अंगावर पडणारच.
आखूड असतो त्याच्या पडतात.

माझे या वर्षी चौदाशे कापले गेले.
ऑक्टोबरला संपले.
फेब्रुवारी आला, इथेच, हरवळ्यात,
काजूला मोहर होता,
मी पासबुक भरून आणलं, दोनदा वाचलं.
पेन्शन आली तशी होती. पूर्ण.
कुणीही काहीही कापलं नव्हतं.

"गोंयांत तो करूच ना," मयूरी सांगते,
"आणि पेन्शन म्हणजे काय व्यवसाय नव्हे."
खरं आहे. बाई बरोबर बोलते.
पण ऐकताना
मी चष्मा पुसायला घेतला.

मग ती स्क्रीन माझ्याकडे वळवते:
नवी पद्धत घेतली तर कर शून्य,
जुनी घेतली तर थोडा बसतो.
"नवीच घ्या. फक्त तुमचे ते चौदाशे
त्यात धरत नाहीत."
मी विचारतो, नुसते दाखवता येणार नाहीत का?
वजा नको. नुसते दिसू देत.
"तसा रकाना नाही, काका."

कुंदा बाहेर बाकड्यावर बसून आहे,
मांडीवर पिशवी, पिशवीत तिसऱ्या, त्यांचं पाणी गळतंय.
तिचं हे माहेर.
चौतीस वर्षांपूर्वी हाच घाट ती उलटा चढली होती.
एका दिवसात आडनाव बदललं, तांदूळ बदलला,
उकड्याची पेज सांगलीत कुणाला माहीत नव्हती.
तिला कुणी विचारलं नाही
किती महिने कुठल्या राज्यात.
तिचे किती कापले गेले,
मी, लेखा शाखेतला माणूस,
कधी बेरीज केली नाही.

"झालें?" ती आत डोकावते.
"ओटीपी यायचाय."
वीज जाते. येते. पुन्हा जाते.
खाली पावाची भट्टी मात्र चालू, तिला तारेची गरज नाही.
मयूरी फोनचा टॉर्च लावून विचारते,
स्कूटर अजून एमएच दहाच का?
तिचा कर मात्र गोव्याला भरावा लागेल हं, वर्षाच्या आत.
मला का कोण जाणे, बरं वाटतं.
कुणीतरी काहीतरी मागतंय.

ओटीपी येतो. सहा आकडे, मी मोठ्याने वाचतो,
पगारबिल ताडून घेताना वाचायचो तसे.

शेवटी पत्ता. "राज्य तुम्हीच निवडा," ती म्हणते,
माऊस माझ्याकडे सरकवते.
यादी उघडते. गोवा वरच्या वरच आहे,
पण हाताला सवय नाही,
हात खाली, खाली जातो,
म पर्यंत जाऊन थांबतो.
मागून कुंदा, हळू आवाजात:
"वयर. आनीक वयर."