हिटर

माधवनगर रोडला, वजनकाट्याच्या पलीकडे,
रमजू शिकलगार डॅशबोर्डात कोपरापर्यंत शिरलाय.
आतून फिल्टर काढला तो पिवळाजर्द.
फरशीवर आपटला, तर पाव किलो मार्केट यार्ड सांडलं.
"लगीन लागलं व्हय गाडीचं?
एवढ्या हळदीतनं वारं यायचं कुठनं?"

गॅस भरला की गार होईल ना, मी विचारलं.
त्यानं पान्यानं कान खाजवला.
"गार असं काय नसतंय, मॅडम.
तासगावला बेदाण्याच्या स्टोरेजला होतो अकरा वर्सं,
गारवा कधी दिसला न्हाई.
असती ती उष्णता. हितली उचलायची, तिथं नेऊन टाकायची.
हमालीच ही."

मग काळं बोट नळीवरून फिरत गेलं:
इथं कॉम्प्रेसर दाबतो, वायू तापतो,
पुढच्या जाळीत आपला ताप रस्त्याला देऊन
पाण्यासारखा पातळ होतो,
आणि सुईएवढ्या भोकातून
शाळा सुटल्यासारखा सुटतो.
फैलावताना जवळच्यांची ऊब ओढतो,
सीटची, काचेची, तुमच्या कपाळाची.
"गाडीखाली ठिबकतंय ती गळती न्हवं.
तुमचाच श्वास हाय त्यो."

आणि हिटर?
"ते फुकट. इंजिन जळतंयच की.
त्याचं कढत पाणी पायाजवळच्या जाळीतनं फिरवायचं.
पर तुमची ती नळी सडलीय. बायपास मारू?
सांगलीत कोण लावतंय हिटर!"

मेमध्येच. दुपारी दीडला. खंबाटकी चढताना.
पुण्याहून दाजींचे रिपोर्ट घेऊन येत होतो.
पुढे उसाच्या मळीचा टँकर, काटा लाल रेघेला टेकलेला.
दाजींनी एसी बंद केला, चारी काचा उतरवल्या
आणि हिटर लावला. फुल्ल.
नलूताई ओरडली, डोकं फिरलंय का तुमचं?
डॅशबोर्डवरचा पाकीट गरम वाऱ्यात फडफडत होता,
त्यावर त्यांनी चष्म्याची डबी ठेवली.
इंजिनाचा ताप थोडा आपण घ्यायचा असतो
असलं काही ते बोलले नाहीत.
पायांची सालटी निघेस्तोवर नुसते चालवत राहिले.
बोगदा उतरणाऱ्यांना असतो, चढणाऱ्यांना नाही.
काटा वळणावळणानं खाली आला.
पाकीट कुणीच उघडलं नाही, पार कासेगावपर्यंत.

"नळी नवी टाका," मी म्हटलं.
रमजूनं वर पाहिलं, विचारलं काही नाही.

संध्याकाळी गाडी सुरू केली.
पहिली झुळूक अजून हळदीचीच.
मग बटण लाल खुणेकडे फिरवलं
आणि चपला काढून
बसून राहिले थोडा वेळ.