राहिलेली फेरी

सोहारच्या शाळेत बक्षीस समारंभ.
एसी इतका गार
की पुढच्या रांगेतल्या आया ओढण्या लपेटून बसल्यात.
माझ्या हातात यादी:
लांब उडी, गोळाफेक, रिले,
प्रत्येकापुढे आकडा, सेंटिमीटरसकट.
शेवटी नुसतं नाव.
तस्नीम परकार, दहावी ब. चारित्र्य.
मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, कारण एका वाक्यात लिहा.

तीन हजार मीटर.
आमच्या वाळूच्या मैदानावर दहा फेऱ्या.
फक्कीची रेघ दमट वाऱ्याने अर्धी पुसलेली.
ती पहिली आली, मी शिट्टी वाजवली.
गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली,
"सर, माझी एक राहिलीय."
"अगं, मोजल्यात मी."
"मी पण मोजल्यात."
आणि सुटलीच.

बाकीच्या एकेक करून पोचल्या, पाणी प्यायल्या,
माळ्याने नळी गुंडाळायला घेतली,
तरी ती पलीकडच्या वळणावर,
एकटी.
सहाव्यांत सहावी.

माझ्या वहीत तेव्हा एक रेघ जास्त पडली होती.
फोन आला होता, घरून, साधाच.
हे तिला ठाऊक होतं.
कुणालाच बोलली नाही.
बाहेर पाण्याचा टँकर लावून आलेले तिचे अब्बा
मघाशी दारात माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले,
"तुमची शिकवण, सर."

आता माइक माझ्याकडे.
लिहून आणलेलं वाक्य चांगलं होतं,
ते खिशातच राहू दिलं.
"त्या दिवशी मोजायला मी चुकलो,"
इथून सुरुवात केली.
तस्नीम बुटाची नाडी बांधत होती,
बांधलेलीच.