साडेपाचचं पाणी

घोरपडीत पाणी साडेपाचला येतं, सव्वासहाला जातं.
तेवढ्यात दोन पिंपं, मोरीतली टाकी
आणि माझी सकाळची प्रार्थना.
गुडघे टेकायला जागा कुठे, प्रभू,
पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरते
आणि मनातल्या मनात तुझं नाव घेते,
तोवर वर मंदाकाकूंची मोटर सुरू होते
आणि आमचा नळ खोकायला लागतो.

थोरल्याचं नाव योनाथान. शांत आहे. गणितात कच्चा.
धाकटीचं सुवार्ता ठेवलं,
तर पोरगी नावाला जागली:
घरात शिजलेलं, बोललेलं, सांडलेलं सगळं
दुपारपर्यंत अख्ख्या जिन्याला माहीत.

बुधवारी रात्री गोधडीवर बसून डोळे मिटले.
यांची शेडमध्ये रात्रपाळी.
योनूनं सहामाहीसाठी मागितलं,
जालन्याच्या आजीच्या गुडघ्यासाठी मागितलं.
मग सुवार्ता, हात घट्ट जोडून, खणखणीत:
"प्रभू, काकूंची मोटर जळू दे.
आईला पण तेच पाहिजे. आमेन."

योनूनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.
मी आमेन म्हटलं नाही.
नाही, असंही म्हटलं नाही.
दिवा घालवला.

शनिवारी मोटर जळली.
जिन्यात करपलेल्या वायरीचा वास
आणि पोरगी मोरीच्या दारात, डोळे एवढाले:
"आई, ऐकलं गं त्यानं!"

रविवारशाळेत मी आठ वर्षं शिकवते.
फळ्यावर कापडी मेंढरं चिकटवते,
वैऱ्याचंही भलं चिंतावं, हे
तीस-तीस पोरांकडून घोकून घेते.
आणि त्या सकाळी आमचा नळ धो धो वाहत होता,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
आणि मला आनंद झाला होता.
तो तिनं पाहिला.

"तो असा नाहीये गं," एवढंच म्हणाले.
"मग कसाय?"
उत्तर येईना. कळशी भरली.

अठरा पायऱ्या.
सुवार्ता मागून, शाळेच्या बाटलीत पाणी घेऊन,
प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सांडत.
काकूंनी दार उघडलं, साखळी न काढता.
कळशीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"कशाला," म्हणाल्या. मग साखळी काढली.
चहा विचारला नाही. मीही थांबले नाही.

सुवार्ता थांबली.
आणि तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासून,
आईला पण तेच पाहिजे होतं, यासकट.

मी खालच्या वळणावर, कठड्याला धरून.
वर दार लागलं. त्यामागे हसू होतं की खोकला,
मला अजून कळलेलं नाही.

आठ दिवसांत नवी मोटर आली, जुनीपेक्षा मोठ्या आवाजाची.
मात्र पावणेसहाला लागते. त्याआधी नाही.

मी पाइप धरून उभी असते.
ओठ हलायच्या आधी
मागे वळून बघते, कोण ऐकतंय.