आठ अक्षरांचं नाव

पेटी उघडली तेव्हा पंख्यातून कापूस निघाला.
जिनिंग बंद होऊन एकोणीस वर्षं झाली,
तरी सरकीचा एक दाणा होता, उंदराने अर्धा सोडलेला,
आणि पात्यांना गुंडाळलेला
एक लांब काळा केस.
तारीफ पिंजारी म्हणाला, हा कुणाचा?
मी पदर सारखा केला.
तसा आता माझ्याकडे एकही उरलेला नाही.

भंगारात ती वजनावर मिळाली. साडेअकरा किलो, पडदा वेगळा.
नऊ हंगाम धरणगावच्या गाठी तिने मोजल्या.
बोटं माझी, बेरीज तिची.

तारीफ मिक्सर दुरुस्त करतो, स्टॅबिलायझर, लग्नातले लाउडस्पीकर.
त्याच्या आजोबांची धुनकी दुकानात खिळ्याला आहे,
तात अजून ताणलेली.
जळगावहून त्याने जुनं नेटवर्क कार्ड आणलं,
खोडरबराने घासून त्याचे दात उजळवले.
"बाई, आठ एमबी मेमरी.
माझ्या मोबाइलचे तीन फोटो घेतले की भरली."
म्हटलं, फोटो ठेवायचेच नाहीत.

सर्व्हर म्हणजे काय, ते मला समजलं ते एवढं:
दाराशी बसायचं.
कुणी मागितलं तर द्यायचं.
नसेल तर नाही म्हणायचं.

तिची बॅटरी मेलेली आहे.
रोज ती एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला जागी होते
आणि तारीख विचारते.
मी सांगते. ती वाद घालत नाही.
माझ्या घरात एवढं दुसरं कुणी ऐकलेलं नाही.

तिच्याकडे पान एकच.
ओटीवरचा थर्मामीटर बघून दिवसातून तीनदा मी टाइप करते,
इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी तिला येत नाही:
धरणगाव. दुपार. चव्वेचाळीस. मशीन चालू आहे.
एवढं पाठवायला तिला अकरा सेकंद लागतात.
आधी डिस्क कुरकुरते, सुपात हरभरे हलवल्यासारखी,
मग हिरवा दिवा.
मे महिन्यात तिच्यापुढे कूलर, मी बाजूला, उरलेल्या वाऱ्यात.

रात्री चोर येतात.
माणसं नव्हेत, कुठकुठली यंत्रं,
नव्या बंगल्यांच्या किल्ल्या घेऊन.
मालकाची खोली कुठे? पासवर्डची वही कुठे?
ती प्रत्येकाला तेच सांगते. चारशे चार. सापडलं नाही.
चारशे चार.
चारशे चार.
सकाळी मी ती यादी चहाबरोबर वाचते.
तारीफ म्हणतो, घर इतकं जुनं
की चोराला खिडकीच सापडत नाही.

मंगळवारी त्या यादीत एक ओळ वेगळी होती.
पहाटे चार वाजून सहा मिनिटं.
आधी पान मागितलं, ते मिळालं. मशीन चालू आहे.
मग दोन मिनिटं काही नाही.
मग, नसलेल्या पानाचं नाव, हाताने लिहिलेलं:
कशीशे.

इंग्रजी अक्षरं, पण हे यंत्राला येत नाही.
कशी शे.
हे आमच्याकडचं. विहिरीच्या काठावरून,
गाठींच्या ढिगाआडून, डबा उघडता उघडता विचारायचं.
आणि हिने, माझ्या शहाणीने, त्यालाही सांगितलं:
चारशे चार.

कुणाचा पत्ता, ते आकड्यांवरून कळत नाही.
तारीफ म्हणाला शोधता येईल.
मी म्हटलं, राहू दे.
प्रेसवर बावीस जणी होतो. हिशेबनीस दोन.
एक सुरतला गेला तो.
राहू दे.

ही पेटी नावाला आठच अक्षरं देते.
त्यापुढचं कापून टाकते.
नऊ हंगाम मी सगळ्यांची नावं कापली,
द्वारकाबाईंच्या शेवटी बाई राहिली नाही,
भडाण्यांचा तर पूर्ण विचका.
मोजून पाहिलं. कशीशे, इंग्रजीत सात.
बसतं.

नवीन फाइल. तेच नाव.
आत काय लिहावं ह्यात दुपार गेली.
लांब लिहिलं, पुसलं.
कूलरमधलं पाणी संपलं तरी उठले नाही.
शेवटी:

बरी शे. ऊन शे. तू?

साठवलं.
डिस्क बराच वेळ कुरकुरत राहिली,
एवढ्याशा ओळीला लागतो त्याहून जास्त.