दोन्ही तळहात

उजवा खाजला की पैसा येतो, डावा खाजला की जातो.
फाल्गुनात कुंदाचे दोन्ही खाजू लागले
आणि आम्ही हसलो, हिशेब बरोबरीत सुटला म्हणून.
मग तळपाय. म्हणजे प्रवास घडणार.
घडला. शिवडी ते परळ, टॅक्सीने, पुन्हा पुन्हा,
सीटच्या कडेवर टाच घासणारी बाई
टॅक्सीवाला आरशात बघायचा.

अंगावर काहीच नव्हतं. पुरळ नाही, गांधी नाहीत,
फक्त तिच्याच नखांच्या रेघा.
तळमजल्यावरच्या मोहितेवहिनी म्हणाल्या, पित्त उठलंय,
आमसुलं भिजत घाला, ते पाणी चोळा.
चोळलं. उशीचा अभ्रा जांभळा झाला, अजून तसाच आहे.
डॉक्टर कामत, आमच्या मुलीच्या वयाची,
रिपोर्टच्या पाठीवर यकृत काढून म्हणाली,
पित्तच आहे, पण ते नव्हे.
याची वाट तुंबलीय. मोरी तुंबते तशी.
मागे फिरून रक्तात उतरतंय.
म्हणजे वहिनी बरोबर होत्या
आणि साफ चूक होत्या.

मी एकतीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली
विजेच्या मीटरचे आकडे टिपले.
आता बिलिरुबिन टिपतो, त्याच निळ्या वहीत,
मागच्या महिन्याचा आकडा वजा करतो.
पण तो उतरला तरी हिची रात्र उतरत नाही.
डॉक्टर विचारते, दहापैकी किती?
कुंदा म्हणते, दिवसा चार. रात्रीचं विचारू नका.

तो शब्द ती उच्चारत नाही.
'खाज' म्हटलं की आमच्या चाळीतली पोरं खिदळतात.
माहेरी फोनवर सांगते, जरा सुळसुळतं.
मला रात्री दोनला हलवून म्हणते, ऊठ,
हाडाच्या आत मुंग्या चालल्यात,
तिथवर नख पोचत नाही.

भुकटीची पुडी ताकात ढवळायची,
नाश्त्याआधी एक, नंतर एक.
चौपाटीवर सांडलेली भेळ
उचलून खाल्ल्यासारखी लागते म्हणे.
बाकीच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब,
नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते.
सोवळ्यातली सासू, कुंदा म्हणते,
आणि पेला एका दमात संपवते.

कढत पाण्याची आंघोळ बंद. नायलॉनच्या साड्या
बोहारणीला दिल्या, एक पातेलं आलं.
रविवारी मी तिची नखं कापतो, कानशीने गोल करतो.
रात्री पांढरे सुती हातमोजे.
पहिल्या रात्री म्हटलं, ट्रॅफिक हवालदार दिसतेस.
तिने पलंगावर ताठ बसून एक हात वर केला, थांब,
आणि दुसऱ्याने मला जाऊ दिलं.

फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ओले पंचे
आणि आमटीचा डाव, स्टीलचा.
डावाची पाठ तिच्या पाठीवर, पोटऱ्यांवर, तळव्यांवर.
घासायचं नाही. ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा,
गार आहे तोवर.
गोदीकडून एखादा भोंगा येतो.
डोकं खाजवायला फुरसत नाही म्हणायचे ना मी,
ती अंधारात म्हणते, बघा, केवढी फुरसत मिळाली.

गुरुवारपासून नवी गोळी, टीबीवाल्यांना देतात ती.
लघवी केशरी होईल, घाबरू नका,
आणि रक्त तपासत राहायचं.
शनिवारी ती साडेतीनला झोपली. रविवारी अडीचला.
मी वहीत नवा रकाना आखला.
काल सव्वा वाजता श्वास संथ झाला,
एक हातमोजा निघून चादरीत कुठेतरी.

डाव धुऊन ठेवायला उठलो
आणि माझा उजवा तळहात खाजू लागला.
येणार म्हणे पैसा.
दिवा न लावता ओट्यापाशी उभा राहिलो,
मूठ आवळून.
नखांचा आवाज ती झोपेतही ओळखते.