खिळा ठोकायचा नाही

घणसोलीत भाड्याने राहते तिथे
चावी देताना पद्माकर मढवींनी एकच सांगितलं:
पडदे लावा, गाद्या घाला, हवा तर दिवा बदला,
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

महापेला, तिसऱ्या मजल्यावर,
पगारही त्याचाच मिळतो.
फॉर्म सर्व्हरकडून बांधून येतो,
दारं-खिडक्या जिथल्या तिथे,
टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल,
कुणीतरी दोन हजार आठ साली रचलेलं.
तो कुणीतरी हल्ली कुठे असतो
ते कंत्राटातही नाही.
मार्कअपला हात लावू नका, मिराशीसाहेब म्हणाले,
फक्त जरा बरा दिसू दे.

बरा दिसू दे.

पहिला दिवस रकान्यांची नावं वाचण्यात गेला.
ती सर्व्हर ठेवतो, पणज्यापासून सुरुवात करून:
मुख्य पानाच्या पोटातला कप्पा,
कप्प्यातल्या पॅनेलची तिसरी ओळ,
आणि मग कुठे ओळीतला अर्जदार.
एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारली.
ओ दिली त्याने. निळा झाला, कडा गोल झाल्या.
बुधवारी वरती कुणी एक पॅनेल घुसवलं
आणि रात्रीतून सगळ्यांचे पणजे बदलले.
माझ्या हाका रिकाम्या घरात.
तेव्हापासून मी पूर्ण नाव घेत नाही,
नावाचं शेपूट तेवढं धरते.

काहींच्या अंगावर रंग गोंदूनच येतो,
फिकट पिवळा, सर्व्हरच्या हातचा.
गोंदण धुतलं जात नाही, बाही लांब करायची:
इम्पॉर्टंट लिहायचं, आणि त्याच्या आधी उद्गारचिन्ह.
आधी ओरडायचं, मग बोलायचं.
घरीही तू अशीच बोलतेस हल्ली,
असं माझ्या रूममेटचं, नियतीचं, म्हणणं.

रविवारी द्रौपदाबाई वर आल्या,
पद्माकररावांची आत्या, चाळीस वर्षं माहेरीच.
हातात आधार कार्ड, सातबाऱ्याची झेरॉक्स.
दाखल्याचा फॉर्म भरायचा होता. माझाच फॉर्म.
पाचव्या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं.
पतीचे नाव. पुढे लाल चांदणी.
यो कनाला गो?
मी म्हटलं, उद्या बघते.

सोमवारी एक ओळ लिहिली: डिस्प्ले नन.
नवरा गेला. खालच्या ओळी वर सरकल्या,
पान इतकं नीटस कधी दिसलं नव्हतं.
बटण दाबलं.
पान गेलं, पान परत आलं, जसंच्या तसं,
ना होकार ना तक्रार.
पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.
जेवायच्या सुट्टीत कळलं:
तक्रार आली होती, प्रत्येक वेळी,
लाल अक्षरांत, झाकलेल्या ओळीच्या आत.
मी प्रश्न दाखवला नव्हता,
त्याला उत्तर मात्र हवंच होतं.

मिराशीसाहेबांना मेल केला, ही चांदणी काढता येईल का.
उत्तर लगेच आलं: सर्व्हर आपल्या स्कोपमध्ये नाही.

मग ओळ पुसली.
रकाना परत आणला, होता तिथेच.
अक्षर अठरा पिक्सेल केलं,
चारी बाजूंनी श्वासापुरती जागा सोडली,
आणि तक्रार, आता जी काय असेल ती,
चष्मा न लावता वाचता येईल अशी.
जुनीच स्टाइलशीट दिसत राहील म्हणून
द्रौपदाबाईंसमोर कंट्रोल धरून एफ-फाइव्ह दाबलं.

मोठा झाला, त्या म्हणाल्या.
रकान्याकडे पाहत राहिल्या.
काहीतरी लिहायलाच लागतं, मी म्हटलं,
काय, ते तो बघत नाही.

त्यांनी कीबोर्डवर बराच वेळ शोधलं
आणि एका बोटाने एक टिंब दिलं.

एवढ्या मोठ्या, गोल कडांच्या पांढऱ्या चौकटीत
एकच टिंब,
भिंतीत खिळ्याचं भोक असावं तेवढं.

पान गेलं. पावती आली.